ज्याच्यासाठी बार भरला होता

गज आत गेला आणि अडला, तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. श्यामकांत तावड्यांनी तो बाहेर काढला, अंगठ्याची खूण धरली, आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. चार बोटं कमी. त्यांनी हातमोजा काढला, घाम पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा मोजलं. चार बोटं म्हणजे चार बोटं. याचा अर्थ जगातल्या कुठल्याही जुन्या बंदुकीच्या बाबतीत एकच होतो, आणि तो अर्थ गेल्या बावीस वर्षांत तावड्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. नळीच्या तळाशी काहीतरी होतं. बंदूक भरलेली होती.

तावडे भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांच्या किंवा नातवंडांच्या मागे लागतात, तावडे जुन्या बंदुकांच्या मागे लागले होते. मुलुंड पूर्वेच्या चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात काचेच्या कपाटात सात बंदुका होत्या. कुणाच्याही नळीवर गंजाचा ठिपका नाही, लाकडाला कीड नाही, आणि प्रत्येकीची कागदपत्रं वेगळ्या फाइलमध्ये. ही आठवी. शिसवी दस्त्याची ठासणीची बंदूक, नळीवर चांदीच्या तारेची वेलबुट्टी. हिच्या परवानगीसाठी त्यांनी दोन वर्षं खेटे घातले होते आणि परवाच सावंतवाडीकडच्या एका खेड्यातून तिला घरी आणलं होतं. भाड्याच्या गाडीत, मांडीवर आडवी घेऊन.

"प्रेमा," त्यांनी हळूच हाक मारली, "येताना गाडीत तू माझ्या कुठल्या बाजूला बसली होतीस?"

"डाव्या. का हो?"

"काही नाही."

बंदुकीचं तोंड त्या नऊ तासांत डावीकडेच होतं. कशेडी घाटातले खड्डे तावड्यांना एकेक करून आठवले.

त्यांनी चष्मा वर करून घोडा पाहिला. घोडा खाली होता, आणि त्याच्याखाली एक तांब्याची टोपी हिरवी पडून बसली होती. काल ती पाहून ते म्हणाले होते, जुनी वाजलेली टोपी असेल, गंजून चिकटलीय. आता ती टोपी त्यांना अजिबात वाजलेली वाटेना. घोड्यावर नीट टोला बसला की टोपी पेटणार, टोपी पेटली की दारू.

त्यांनी प्रेमाला सांगितलं. प्रेमा ओट्याशी कोळंबी साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि बाहेर येऊन दुरूनच विचारलं, "तोंड कुठे आहे तिचं?"

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सोपा नाही. बंदूक दिवाणावर आडवी होती आणि तिचं तोंड उत्तरेला होतं. त्या भिंतीपलीकडे चंद्रप्रकाश खरात राहत होते. दक्षिणेला स्वतःचं स्वयंपाकघर आणि त्यात प्रेमा. पूर्वेला दरवाजा आणि जिना. वर पाचव्या मजल्यावर अक्षताचं दोन महिन्यांचं बाळ बरोबर याच खोलीवर पाळण्यात झोपायचं. खाली तिसऱ्यावर सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव मळगावकर. उरली पश्चिमेची खिडकी.

तावड्यांनी बंदूक दोन्ही हातांवर बाळासारखी घेतली आणि खिडकीकडे तोंड करून दिवाणावर ठेवली. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं. तावड्यांनी सवयीने मान हलवून नमस्कार केला. बाईंच्या हातातला टॉवेल खाली पडला आणि त्या आत पळाल्या.

"झालं," प्रेमा म्हणाली. "चंदूभावोजींना बोलवा."

चंद्रप्रकाश खरात मूळचे जालन्याचे, नोकरी सगळी ट्रॉम्बेला. घरात बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकांचं कपाट आणि प्रत्येक गोष्टीला कारण. सोसायटीत लिफ्ट आपोआप तिसऱ्यावर थांबायला लागली तेव्हा बायकांनी नारळ फोडायचं ठरवलं होतं, खरातांनी सेन्सरवरचं पालीचं अंडं काढून दाखवलं होतं.

"शंभर वर्षांची दारू?" ते आत येत म्हणाले. "ओल लागून माती झाली असेल रे."

"काळी दारू मरत नाही, चंदू. कोरडी राहिली तर आपण मरू, ती नाही."

"मग पोलिसांना फोन लाव."

तावड्यांनी बंदुकीवरून नजर फिरवली. फोन केला असता तर बंदूक जमा झाली असती. मग पंचनामा, मग कुठल्यातरी कोंदट खोलीत पोत्याखाली दोन-तीन पावसाळे. चांदीची तार काळी, नळीला गंज, दस्त्याला वाळवी. नळीत पाणी ओतलं तर दारू मेली असती, पण पाण्याने नळीही गेली असती. त्यांना दोन्ही नको होतं. हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं, की खरातांनी खिशातून काढलेला फोन परत ठेवला.

आणि तेवढ्यात बंदुकीतून आवाज आला.

'टक.'

तिघेही जागच्या जागी थिजले. पंखा फिरत होता. कोळंबीच्या वासावर आलेली मांजर खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. ती उठली, बंदुकीकडे पाहिलं आणि निघून गेली.

'टक.'

"लाकूड असेल," खरात म्हणाले. "कोकणातली ओल सोडतंय. आकसतंय."

"असेल," तावडे म्हणाले. पण त्यांना भलतंच आठवलं होतं. बंदूक ज्यांच्या घरातून आणली, त्या शेवंतीआजी नव्वदीच्या होत्या. कागदांवर अंगठे उमटवून झाल्यावर तावडे बंदूक कापडात गुंडाळत होते, तेव्हा आजी पडवीतून म्हणाल्या होत्या, "बार हा हां तेच्यात. आजेसासऱ्यान भरलेलो. ज्येच्यासाठी भरलो, तो काय मगे इलो नाय." मग सुपारी कातरता कातरता, "तो इलो की वाजतली ती."

तावडे तेव्हा हसले होते. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं.

त्यांनी हे सांगितलं तेव्हा प्रेमाने पदर अंगाभोवती घेतला. तिचं माहेर कुडाळचं. तिला त्या बोलण्यात हसण्यासारखं काहीच वाटलं नाही.

"तो म्हणजे कोण?"

"विचारलं नाही."

"अहो, माणूस विचारतो ना! एवढी दोन वर्षं कागद गोळा केलेत, नळीची लांबी विचारलीत, वजन विचारलंत. ती कुणासाठी भरली होती हे नाही विचारलं?"

खरातांनी घसा साफ केला. "वहिनी, कुणीही असला तरी तो मेलाय आता."

"त्याची पोरंबाळं असतील की. नातवंडं, पतवंडं. वैर काय एका माणसाबरोबर संपतं?"

तिघे चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, खरं तर त्या खोलीतून बाहेर पडायला गेले. मग खरात हात धुवायला म्हणून मध्येच उठले आणि परत आले. चहा झाला. तिघे बाहेर आले.

बंदुकीचं तोंड खिडकीकडे नव्हतं. ते दाराकडे होतं.

"प्रेमा, तू हात लावलास?"

"मी? मी तर तुमच्यासमोर आलं किसत होते."

"चंदू?"

"छे रे," खरात म्हणाले आणि कपात बघू लागले.

तावड्यांनी ती पुन्हा फिरवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या हिरव्या टोपीला दिवसात किती वेळा हलवायचं? त्यांनी बंदूक तशीच राहू दिली. दाराकडे तोंड करून ती जणू कुणाची तरी वाट बघत होती.

आणि मग बेल वाजायला लागली. पहिल्यांदा पार्सलवाला आला. तावड्यांनी दार जरासं उघडलं, स्वतः भिंतीला चिकटून उभे राहिले आणि आधी विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

"जौनपूर, अंकल."

"आजोबाही तिथलेच?"

"हां. क्यूँ?"

"बाजूला हो आणि दे."

नंतर अक्षता दही मागायला आली. तिला प्रेमाने दारातच माहेरचं आडनाव, आजोळचं आडनाव आणि कुलदैवत विचारलं. "माझ्या भावाचं स्थळ बघताय की काय काकू?" म्हणत ती खुशीत वर गेली. खरात हे सगळं सोफ्याच्या मागे उभं राहून बघत होते. तावड्यांनी त्यांच्याकडेही एक नजर टाकली.

"माझ्याकडे काय बघतोस?" खरात म्हणाले. "माझ्या आज्यावर कुणी बंदूक ताणली असेलच, तर ती मराठवाड्यातल्या पाटलाची. सावंतवाडीहून यायची गरज नव्हती."

शेवटी तावड्यांनी ठरवलं, आजींनाच फोन करायचा. बार कुणासाठी भरला हे एक, आणि आत गोळी आहे की छर्रे हे दुसरं. ते कळलं तर काढायचं कसं हे ठरलं असतं. आजींचा पुतण्या धाकू. त्याचा फोन दुपारभर लागला नाही. लागला तेव्हा साडेसहा झाले होते. बाहेरचा उजेड मळकट पिवळा पडला होता, आणि प्रेमाने अजून दिवा लावला नव्हता, कारण दिव्याचं बटण दाराशेजारी होतं.

फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट, मग धाकूचा आवाज, "म्हातारे, मुंबयवाले इचारतत, बार कोणासाठी भरललो?"

कुणीतरी कोंबड्यांना हाकललं. मग शेवंतीआजींचा आवाज आला. तो बारीक आणि विहिरीतून आल्यासारखा होता.

"तो? तो मोठो थोराड. मान म्हणान नाय, डोक्याखाली थेट खांदेच. एक दात मोडललो. लंगडत येय. तिनसांज झाली की येय, आणि येय तो सगळ्यांचा उकरून टाकी. गावात कोणाक सोडल्यान नाय."

"आजी, नाव काय त्याचं?" तावडे ओरडले.

"नाव? नाव कसला तेचा…"

फोन कट झाला. तावड्यांनी पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

'टक,' बंदूक म्हणाली.

आणि दाराची बेल वाजली.

कुणीच हललं नाही. बेल पुन्हा वाजली, मग दारावर थाप. "तावडे! आहात ना घरात? दार उघडा!"

तावडे भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत गेले आणि साखळी न काढता दार चार इंच उघडलं. जिन्यातल्या मंद उजेडात सेक्रेटरी भाऊराव मळगावकर उभे होते. सहा फूट उंच, रुंद. मान अशी त्यांना नव्हतीच, हनुवटीखालून थेट शर्टाची कॉलर सुरू व्हायची. परवा टाकीच्या झाकणावर आपटून त्यांच्या पायाचं बोट फुटलं होतं, म्हणून ते एका पायावर भार देऊन कललेले. ते बोलायला लागले, आणि तावड्यांना दिसलं की त्यांचा पुढचा एक दात अर्धा तुटलाय.

"दात," तावडे कसेबसे म्हणाले.

"सकाळी चिक्की खाल्ली," भाऊराव म्हणाले. "ते राहू दे. समोरच्या सोसायटीतून मला फोटो आलाय. तुमच्या खिडकीत बंदूक. ग्रुपवर काय चाललंय बघितलंत? आणि हे पहिल्यांदा नाही तावडे, मागच्या वर्षी तुमच्या बाल्कनीतल्या ग्रिलचं प्रकरण, त्याआधी पाण्याच्या लाइनचं, मी सगळं काढणार आहे…"

"उकरतायत," आतून प्रेमा पुटपुटली. "अहो, उकरतायत!"

"भाऊराव," तावडे म्हणाले, "आधी डावीकडे सरका."

"का?"

"तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय. डावीकडे. अजून. भिंतीला लागा."

भाऊराव लंगडत सरकले. त्यांच्या आवाजातला जोर जरा कमी झाला होता. "काय भानगड आहे?"

"तुमचं गाव कुठलं?"

"मळगाव. सावंतवाडीपासून जवळच. तुम्हाला माहितीये की."

आत प्रेमाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुमच्या आजोबांचं, पणजोबांचं त्या बाजूला कुणाशी वैर होतं?"

"कोकणात कुणाचं नसतं? बांधावरून होतं, फणसावरून होतं. आमच्या पणजोबांना तर एकाने…" भाऊराव थांबले. दाराच्या फटीतून, अर्धवट काळोखात, त्यांना दिवाणावरची ती लांब नळी दिसली होती. तिच्यावरची चांदी शेवटच्या उजेडात चमकत होती. "तावडे, ती माझ्याकडे का बघतेय?"

'टक.'

भाऊरावांनी डोळे मिटले. तावड्यांनीही मिटले. एवढा मोठा देह आणि त्याच्या कपाळावर घामाचे मणी. तावड्यांच्या मनात आलं, या माणसाने आपला छळ केला, पण हा मरायला नको. माझ्या दारात नको, आणि माझ्या छंदापायी तर नकोच. पोलिसांना दुपारीच कळवायला हवं होतं. चांदीची तार काळी पडली असती, पडली असती.

मग फोन वाजला. सगळे एकदम ओरडले. खरातांनी सोफ्यामागून हात लांब करून तो घेतला आणि स्पीकर लावला.

"हॅलो, रेंज गेल्ली," धाकू म्हणाला. "म्हातारी हसता हय. म्हणता, नाव कसला? डुकराक कोण नाव ठेवता?"

"कोणाला?"

"डुकर! रानडुकर हो! एक सुळो मोडललो, पाय लंगडो. तिनसांजेक येवन शेतातली कणगा, कंद उकरून टाकी. पणज्यान तेच्यासाठी बार भरल्यान, तर त्या दिवसापासून येवचोच बंद झालो. गोळी हा आत, एकच, मोठी."

साखळी लावलेल्या दाराच्या फटीत भाऊरावांचा एक डोळा हळूहळू मोठा झाला.

"कोण डुक्कर?" त्यांनी विचारलं. "मला कुणी डुक्कर म्हटलं?"

प्रेमाला हसू फुटलं. ते भीतीचं होतं, म्हणून थांबेना. तिने दिवा लावला. खरात सोफ्यामागून बाहेर आले आणि म्हणाले, "श्याम, एक सांगायचंय. ती मी फिरवली. खिडकीकडून कलंडली असती तर तोंड माझ्या भिंतीकडे गेलं असतं. आमची पोरगी चेतना पलीकडेच ऑनलाइन काम करत बसते रे."

"मग दुपारीच सांगायचं ना!"

"लाज वाटली," खरात म्हणाले.

तावड्यांनी त्या क्षणी, भाऊरावांसमोर, पोलीस ठाण्याला फोन लावला. पलीकडच्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. घराला कुलूप लावा, हात लावू नका, सकाळी आमचा आर्मरर, बंदुकांचा कारागीर, येईल. तावडे नवरा-बायको खरातांकडे झोपायला गेले. अक्षताचं बाळ पाळण्यासकट आतल्या खोलीत हललं.

सकाळी अकराला आर्मरर आले. बारीक चणीचे, पन्नाशीतले, हातात एक पत्र्याची पेटी. त्यांनी बंदूक पाहिली आणि पहिल्यांदा म्हणाले, "वा. किती छान ठेवलीय." तावड्यांचे डोळे भरून आले. मग त्या गृहस्थांनी सगळ्यांना जिन्यात उभं केलं. आतून तासभर काही आवाज आला नाही. जिन्यात भाऊराव, खरात, प्रेमा, तावडे. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे.

त्यांनी बोलावलं तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र होतं. त्यावर हिरवी टोपी, तेलकट झालेली. काथ्याचा एक बोळा. सुपारीएवढी शिशाची गोळी. आणि बोटभर काळी दारू, अगदी कोरडी, जणू काल भरली. आर्मररांनी चिमूटभर उचलून बाल्कनीत एका बशीत ठेवली आणि काडी लावली. 'फस्स' करून पांढरा धूर उठला आणि सगळ्या घरात फटाक्यांसारखाच, पण कितीतरी जुना वास पसरला. बराच वेळ धूर खिडकीत रेंगाळला. कुणीतरी येऊन उभं राहावं तसा.

"वाजली असती?" खरातांनी विचारलं.

"शंभर टक्के," आर्मरर म्हणाले. त्यांनी पंचनामा लिहिला, गोळी आणि दारू सीलबंद केली आणि तावड्यांची फाइल चाळली. "तुमचे कागद एकदम व्यवस्थित आहेत. एवढे व्यवस्थित कुणाचेच नसतात. बंदूक ठेवा तुमच्याकडे." ते लिफ्टने खाली गेले. खरात घरी गेले. तावडे खुर्चीत बसून पहिल्यांदाच नळीत उजेड पाडून आत बघत होते, आणि त्यांना आत काही नाही याचं थोडं वाईटही वाटत होतं.

भाऊराव मात्र गेले नव्हते. लिफ्ट खाली पोचल्याचा आवाज येईपर्यंत ते दारात थांबले. मग आत आले, दार लावून घेतलं, आणि साखळीही लावली.

"तावडे," ते दबक्या आवाजात म्हणाले, "ग्रिलचं प्रकरण मी बंद करतो."

"बरं."

"पाण्याच्या लाइनचंही."

"बरं, भाऊराव. काय झालं?"

भाऊरावांनी जीभ तुटक्या दातावरून फिरवली. "आमच्या वडिलांची एक आहे. आजोबांकडून आलेली. तुमच्या या एवढीच असेल. कागद वगैरे काही नाहीत. मी विसरूनच गेलो होतो हो, देवाशप्पथ. ती भरलेली आहे का, हे तुम्ही त्या गजाने बघू शकाल?"

तावड्यांनी चष्मा काढला. "बघतो, आणि मग दोघं मिळून पोलीस ठाण्यात जाऊ. पण आधी सांगा, आत्ता तिचं तोंड कुठे आहे?"

"आमच्या हॉलमध्ये, कपाटामागे. उभी ठेवलीय."

"उभी म्हणजे?"

भाऊरावांनी नुसती मान वर केली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण आपल्या घरात नाही, वरच्या घरात आहोत, आणि त्यांनी नजर हळूहळू खाली आणली, फरशीवर, दिवाणाच्या पायथ्याशी, जिथे दिवाणावर निवांत बसून चहा पिणाऱ्या प्रेमाचे पाय टेकले होते.

"किती वर्षं?" प्रेमाने विचारलं.

"राहायला आलो तेव्हापासून. अठरा."

प्रेमाने कप बाजूला ठेवला आणि दोन्ही पाय उचलून दिवाणावर घेतले.